जेंडरचा वाद आणि प्राध्यापकांचं स्वातंत्र्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर काही लिहिलं की तेच तेच प्रश्न येतात, काही मनापासून विचारलेले, काही नुसते डिवचायला. दोन्ही घेतलेत. जेंडर म्हणजे काय हा मूळ वाद इथे सोडवायचा नाहीये. एखाद्याने काही शिकवलं, छापलं किंवा बोललं तर युनिव्हर्सिटीने काय करायचं आणि कशात हात घालायचा नाही, एवढंच बघायचंय. उदाहरणं जास्त करून ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडातली आहेत, कारण कोर्ट, चौकशी, निकाल असं सगळं कागदावर तिकडे आलंय आणि कागद असला की हवेत बोलावं लागत नाही.

१. अकॅडेमिक फ्रीडम म्हणजे साधं भाषणस्वातंत्र्यच ना? मग वेगळं नाव कशाला?

नाही, आणि अर्धी भांडणं इथेच सुरू होतात. भाषणस्वातंत्र्य सगळ्यांना असतं, त्यात वाट्टेल ते बरळायचा हक्कही आला. अकॅडेमिक फ्रीडम हे शिकवणाऱ्याला आणि संशोधन करणाऱ्याला त्याच्या कामासाठी मिळतं आणि त्याला एक लगाम आहे, तो म्हणजे तुमचं काम दर्जाचं आहे की नाही हे तुमच्याच विषयातले जाणकार ठरवणार, मॅनेजमेंट नाही, मंत्री नाही, देणगीदार नाही. म्हणजे भूगोलाचा मास्तर वर्गात पृथ्वी सपाट आहे असं शिकवायला लागला तर विभाग त्याला थांबवू शकतो, त्यात कुणाचं स्वातंत्र्य वगैरे जात नाही.

अमेरिकेत प्राध्यापकांच्या संघटनेने, म्हणजे एएयूपीने, १९१५ मध्ये याची मांडणी केली, १९४० मध्ये ती कॉलेजांच्या संघटनेबरोबर बसून पक्की केली, आणि युनेस्कोची १९९७ ची शिफारसही जवळपास त्याच वाटेने जाते. ढोबळ मानाने चार गोष्टी यात येतात: वर्गात शिकवणं, संशोधन करून छापणं, आपल्याच युनिव्हर्सिटीच्या कारभारावर टीका करणं आणि बाहेर नागरिक म्हणून बोलणं. कुठलीही केस वाचताना यातलं नक्की काय चाललंय हे आधी बघा, निम्मा गोंधळ कमी होतो.

२. मुळात वाद काय आहे? दोन वाक्यांत सांगा, मला काहीच माहीत नाही.

दोनात बसणार नाही पण प्रयत्न करतो. एका बाजूचं म्हणणं असं की माणसाची जेंडर आयडेंटिटी, म्हणजे तो स्वतःला पुरुष, बाई किंवा आणखी काही समजतो ते, कायद्याने आणि समाजाने मानलं पाहिजे आणि ट्रान्स लोकांच्या, म्हणजे ज्यांची ही ओळख जन्माच्या वेळच्या लिंगाशी जुळत नाही त्यांच्या, असण्यावरच चर्चासत्रं भरवणं हे त्यांना रोज अपमान गिळायला लावण्यासारखं आहे. दुसऱ्या बाजूचं, ज्यांना जेंडर क्रिटिकल म्हणतात, म्हणणं असं की जन्मतः असलेलं लिंग बदलत नाही, कायद्यात, जेलमध्ये, स्पोर्ट्समध्ये, आकडेवारीत ते महत्त्वाचं आहे आणि हे म्हणणं म्हणजे द्वेष नव्हे.

युनिव्हर्सिटीची पंचाईत अशी की पहिल्या बाजूचे विद्यार्थी आणि स्टाफ तिच्याच छताखाली आहेत आणि दुसऱ्या बाजूचे प्राध्यापकही. एकाला सुरक्षित वाटायला हवं, दुसऱ्याला बोलता यायला हवं, आणि दोन्हीची हमी तिनेच दिलेली असते.

३. जेंडर क्रिटिकल मत असणं हाच गुन्हा आहे म्हणे ब्रिटनमध्ये?

उलट आहे. माया फॉर्स्टेटर नावाच्या बाईंचं एका थिंक टँकमधलं काम त्यांच्या ट्वीट्सवरून झालेल्या वादानंतर गेलं. २०१९ मध्ये पहिल्या ट्रिब्युनलने, म्हणजे नोकरीचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, सांगितलं की असलं मत लोकशाही समाजात संरक्षण द्यायच्या लायकीचं नाही, पण जून २०२१ मध्ये अपिलात ते फिरलं आणि हे मत २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टखाली संरक्षित श्रद्धा ठरलं, म्हणजे धर्म मानणाऱ्याला जसं संरक्षण तसंच.

पण लोक निकालाचा अर्धाच भाग शेअर करतात. त्याच निकालात बजावलंय की याचा अर्थ कुणीही उठून ट्रान्स माणसाला मुद्दाम चुकीच्या लिंगाने हाका मारत सुटावं असा नाही, छळ तो छळच. मत बाळगणं, मांडणं वेगळं आणि समोरच्या एका माणसाच्या मागे लागणं वेगळं.

४. मग २०२५ च्या सुप्रीम कोर्ट निकालानंतर ट्रान्स लोकांचं संरक्षण संपलं का?

नाही. १६ एप्रिल २०२५ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने फॉर विमेन स्कॉटलंड या महिला संघटनेच्या केसमध्ये एकमताने सांगितलं की इक्वॅलिटी ॲक्टमध्ये 'सेक्स' म्हणजे जैविक लिंग. त्याच कायद्यात जेंडर रीअसाइनमेंट (लिंगबदल) हे वेगळं संरक्षित वैशिष्ट्य आहे, ते तसंच आहे, कोर्टाने स्वतः तसं लिहिलंय. टॉयलेट, होस्टेल, चेंजिंग रूमचे नियम या निकालाने हलले, पण वर्गात काय शिकवावं यावर तो निकाल नाहीच. तो हातात नाचवत विद्यार्थ्याला टोमणे मारणारा मास्तर आधीही अडचणीत होता, आताही आहे.

५. कॅथलीन स्टॉक यांना ससेक्स युनिव्हर्सिटीने काढून टाकलं ना?

काढलं नाही, त्यांनीच राजीनामा दिला, ऑक्टोबर २०२१ मध्ये. हा फरक किरकोळ वाटतो पण नाहीये.

स्टॉक तत्त्वज्ञानाच्या प्रोफेसर. जेंडर आयडेंटिटीवरच्या त्यांच्या लिखाणावरून आधीच धुमसत होतं, त्या वर्षीच्या सुरुवातीला त्यांना ब्रिटिश सरकारचा ओबीई किताब मिळाला तेव्हा सहाशेच्या वर तत्त्वज्ञांनी निषेधाचं ओपन लेटर काढलं, मग ऑक्टोबरमध्ये कॅम्पसवर पोस्टर लागली, तोंड झाकून हातात फ्लेअर घेतलेल्या मुलांचे फोटो फिरले, त्यांना नोकरीवरून काढा म्हणून मागणी झाली, आणि पोलिसांनी त्यांना घराला सीसीटीव्ही लावायचा सल्ला दिला. कुलगुरूंनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतली होती, हे कुणी सांगत नाही. त्यांच्या मते सगळ्यात वर्मी लागलं ते वेगळंच, कॅम्पसवरच्या प्राध्यापक युनियनच्या शाखेने युनिव्हर्सिटीतल्या ट्रान्सफोबियाची चौकशी मागणारं पत्रक काढलं ते. आपल्याच लोकांनी हात काढून घेतला की संपलं, असा त्यांचा सूर होता.

त्यामुळे 'काढलं' म्हणणारेही चूक आणि 'स्वतःच गेल्या, मग तक्रार कशाची' म्हणणारेही चूक. जॉब कागदावर शाबूत ठेवूनही तो करणं अशक्य करता येतं. कोर्टं ही गोष्ट ओळखतात, प्र. ८ मधली जो फीनिक्स यांची केस बघा.

६. काढलं नाही तर ससेक्सला दंड कशाचा झाला?

पॉलिसीच्या मजकुराचा, आणि मला विचाराल तर आख्ख्या प्रकरणातला हाच भाग नीट वाचण्यासारखा आहे. इंग्लंडमधल्या उच्च शिक्षणाच्या नियामकाने, ऑफिस फॉर स्टुडंट्सने, मार्च २०२५ मध्ये ५ लाख ८५ हजार पौंडांचा दंड लावला. बहुतेकांना वाटतं तो निदर्शनांबद्दल होता. तसं नव्हतं. ससेक्सच्या ट्रान्स समानता धोरणात असं होतं की कोर्समधल्या साहित्यात ट्रान्स लोकांचं चित्रण सकारात्मकच असलं पाहिजे, शिवाय ट्रान्सफोबिक प्रचार खपवून घेणार नाही, ज्याची व्याख्या इतकी ऐसपैस की कुठलंही पुस्तक त्यात बसावं. यामुळे लोक आधीच तोंड बंद ठेवतील असं नियामकाचं म्हणणं. दंडातले ३ लाख ६० हजार बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या अटीसाठी आणि उरलेले २ लाख २५ हजार कारभारातल्या गलथानपणासाठी, म्हणजे ज्यांना अधिकारच नाही त्यांनी पॉलिसी पास करणं वगैरे.

ससेक्सने याला कोर्टात आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं की नियामक जवळजवळ कसलंच बोलणं अडवू नका असा अतिरेक करतोय, मग छळ रोखायचा कसा. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण 'सकारात्मकच' हा शब्द कुठल्याही गटाबद्दल, कुठल्याही विषयात, अभ्यासक्रमाच्या नियमात घातला की इतिहासाच्या मास्तराचं कठीण होतं, मग तो गट धर्म असो, देश असो, सैन्य असो. कमिटीने कुठून तरी टेम्प्लेट उचललं, कुणी वाचलं नाही, आणि काही वर्षांनी बिल आलं.

७. म्हणजे विद्यार्थ्यांनी निषेधही करायचा नाही? त्यांना भाषणस्वातंत्र्य नाही?

आहे ना, पुरेपूर आहे. पोस्टर लावा, घोषणा द्या, बाहेर उभे राहा, बहिष्कार घाला, अवघड प्रश्न विचारा. गाडी अडते ती कार्यक्रम होऊच द्यायचा नाही असं ठरवलं की.

दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. मे २०२३ मध्ये स्टॉक ऑक्सफर्ड युनियन या वादसभेत बोलायला गेल्या, बाहेर मोठा जमाव, आत एका निदर्शकाने स्वतःचा हात गोंदाने जमिनीला चिकटवला, पोलिसांनी येऊन सोडवलं, थोडा वेळ गेला आणि मुलाखत पुढे सुरू झाली. निषेधही झाला, बोलणंही झालं. दुसरीकडे एडिनबरा युनिव्हर्सिटीत जेंडर क्रिटिकल बाजूची एक डॉक्युमेंटरी दाखवायची होती, डिसेंबर २०२२ मध्ये निदर्शक हॉलमध्ये घुसून बसले, एप्रिल २०२३ मध्ये दारं अडवली, दोन्ही वेळा शो रद्द, शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदोबस्तात दाखवली. पहिल्या दोन वेळी युनिव्हर्सिटीने फिल्मवर बंदी घातली नव्हती, फक्त दार उघडं ठेवणं तिला जमलं नाही, आणि हॉलबाहेर ताटकळणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

बर्लिनच्या हुम्बोल्ट युनिव्हर्सिटीतही जुलै २०२२ मध्ये जीवशास्त्रात लिंगं दोनच आहेत या विषयावरचं एका पीएचडी करणाऱ्या बाईंचं लेक्चर सुरक्षेचं कारण देऊन रद्द केलं आणि नंतर काही दिवसांनी ते झालं. सुरक्षेचं कारण खरं असू शकतं, मान्य, पण रद्द करणं इतकं सोपं औषध आहे की एकदा चालतंय म्हटल्यावर पुढच्या वेळी धमकी देणाऱ्याला काय करायचं ते कळतं.

८. सहकाऱ्यांनी ओपन लेटर लिहिलं तर तो छळ कसा? ते पण त्यांचं मतच ना?

ओपन लेटर आपोआप छळ होत नाही. मी तर म्हणतो टीका सहन करणं हा या नोकरीचाच भाग आहे. पण पत्रात काय मागितलंय आणि मालक म्हणून युनिव्हर्सिटीने पुढे काय केलं, यावर ठरतं.

जो फीनिक्स ओपन युनिव्हर्सिटीत क्रिमिनॉलॉजीच्या प्रोफेसर होत्या. २०२१ मध्ये त्यांनी काही जणांबरोबर जेंडर क्रिटिकल रिसर्च नेटवर्क काढलं तर तीनशेच्या वर सहकाऱ्यांनी सह्या करून युनिव्हर्सिटीने त्याला दिलेला आधार काढून घ्यावा अशी मागणी केली. त्याच्याही आधी एका वरिष्ठ सहकाऱ्याने, म्हणजे जिच्याकडे विभागाची जबाबदारी होती तिने, त्यांना सांगितलं होतं की तू आमच्यात असणं म्हणजे ख्रिसमसच्या जेवणाला वंशद्वेष्टा काका टेबलावर असण्यासारखं आहे. शिवाय विभागाच्या मीटिंगमध्ये त्यांनी आपल्या रिसर्चबद्दल बोलू नये असंही सांगण्यात आलं. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी सोडलं आणि जानेवारी २०२४ मध्ये ट्रिब्युनलने छळ, भेदभाव आणि नोकरी सोडायला भाग पाडणं या बाबतीत त्यांच्या बाजूने निकाल दिला, ओपन युनिव्हर्सिटीने माफी मागितली.

निकालातला गाभा हा की मॅनेजमेंटने त्यांना वाऱ्यावर सोडलं, आणि का, तर जेंडर क्रिटिकल बाजूला आधार दिल्यासारखं दिसेल म्हणून. 'तुझं म्हणणं या या कारणाने चूक आहे' असं पत्र लिहिणारा वाद घालत असतो, 'हिचं नेटवर्क बंद करा' लिहिणारा सत्ता वापरायला सांगत असतो. सही करायच्या आधी आपण कुठलं पत्र धरून बसलोय ते बघावं.

९. विद्यार्थ्याने सांगितलेला प्रोनाउन (ही, शी यांसारखं सर्वनाम) वापरायला प्रोफेसरने नकार दिला तर? सगळ्यात जास्त हाच विचारला जातो.

सरसकट उत्तर नाहीये, म्हणून एक केस सविस्तर सांगतो. ओहायोमधली शॉनी स्टेट युनिव्हर्सिटी, जानेवारी २०१८, तत्त्वज्ञानाचे प्रोफेसर निकोलस मेरीवेदर. वर्गात एका मुलीने हात वर केला, त्यांनी 'येस, सर' म्हटलं. ती ट्रान्स होती, तास संपल्यावर तिने बाई म्हणूनच संबोधा असं सांगितलं, ते म्हणाले माझ्या धार्मिक श्रद्धेत बसत नाही. मग तोडगे सुरू झाले. फक्त आडनावाने हाक मारतो, चालेल? डीनने आधी हो म्हटलं, नंतर तक्रार आल्यावर नाही म्हटलं. प्रोनाउन वापरतो पण सिलॅबसमध्ये एक टीप घालतो की हे मी सक्तीने करतोय, चालेल? तेही नाही. शेवटी फाइलमध्ये लेखी ताकीद.

खालच्या कोर्टात ते हरले, मार्च २०२१ मध्ये सिक्स्थ सर्किट अपील कोर्टाने (तिथे काही राज्यांमिळून एक केंद्रीय अपील कोर्ट असतं, त्याला सर्किट म्हणतात) सांगितलं की त्यांचा दावा पुढे चालवण्याजोगा आहे, आणि २०२२ मध्ये युनिव्हर्सिटीने ४ लाख डॉलर आणि वकिलांचा खर्च देऊन मिटवलं. म्हणजे प्रोफेसर अंतिम निकालात जिंकले असं म्हणता येत नाही, तडजोड झाली. आणि हा कायदा फक्त त्या सर्किटच्या राज्यांत आणि फक्त सरकारी युनिव्हर्सिट्यांना लागू. अमेरिकेत खासगी युनिव्हर्सिटीला फर्स्ट अमेंडमेंट, म्हणजे राज्यघटनेतलं भाषणस्वातंत्र्याचं कलम, लागूच होत नाही, तिथे तुमचं काँट्रॅक्ट आणि हँडबुक काय म्हणतं तेच. ब्रिटनमध्ये तर गणितच वेगळं, प्र. ३ चा शेवट बघा.

माझं मत विचाराल तर आडनावाचा तोडगा चांगला होता, सगळ्यांनाच आडनावाने हाक मारली असती तर कुणी वेगळं पडलं नसतं. एकट्या तिलाच तशी हाक मारली तर मात्र ती दर तासाला वेगळी पडणार, आणि ही तिची तक्रार खोटी म्हणता येत नाही.

१०. कॅनडात चुकीचा प्रोनाउन वापरला तर जेल होते हे खरं का? पीटरसन यांच्यावर कारवाई झाली होती ना?

चुकीचा प्रोनाउन वापरला म्हणून जेल अशी तरतूद बिल सी-१६ मध्ये नाही. जून २०१७ मध्ये ते कायदा झालं, त्याने केंद्राच्या मानवाधिकार कायद्यात आणि हेट क्राइमच्या कलमांत जेंडर आयडेंटिटी आणि एक्स्प्रेशन हे शब्द घातले. गंमत म्हणजे युनिव्हर्सिट्या प्रांताच्या कायद्याखाली येतात आणि ओंटारियोच्या कायद्यात हे शब्द २०१२ पासूनच होते. टोरोंटो युनिव्हर्सिटीतले मानसशास्त्राचे प्रोफेसर जॉर्डन पीटरसन या बिलाला जाहीर विरोध करत होते, युनिव्हर्सिटीने त्यांना २०१६ मध्ये पत्रं पाठवली, समज दिली, पण नोकरी गेली नाही.

त्याच बिलाच्या वादातून निघालेला लिंडसी शेफर्डचा प्रसंग मला जास्त बोलका वाटतो. २०१७, विल्फ्रिड लॉरियर युनिव्हर्सिटी, एमए करणारी टीचिंग असिस्टंट, तासाला भाषा आणि व्याकरणाच्या वादाचं उदाहरण म्हणून टीव्हीवरच्या चर्चेची एक क्लिप दाखवते ज्यात पीटरसन एका बाजूला आणि त्यांचा विरोधक दुसऱ्या बाजूला. तिला बोलावून घेतात, खोलीत तिचा सुपरवायझर, आणखी एक प्रोफेसर आणि समानता विभागाची एक अधिकारी. क्लिप निषेध न करता तटस्थपणे दाखवणं म्हणजे हिटलरचं भाषण तटस्थपणे दाखवण्यासारखं, असं तिला ऐकवतात, ती रडते, तक्रार कुणी केली विचारते तर सांगत नाहीत. तिने लॅपटॉपवर सगळं रेकॉर्ड केलेलं. ते बाहेर आल्यावर युनिव्हर्सिटीने माफी मागितली, बाहेरच्या माणसाकडून चौकशी केली आणि नंतर जाहीर केलं की ही मीटिंग व्हायलाच नको होती, पॉलिसीखाली कसलीही तक्रार नोंदलेलीच नव्हती.

तक्रार नाही, आरोपपत्र नाही, आणि तीन वरिष्ठ विरुद्ध एक विद्यार्थिनी. तिचं मत काय होतं हा मुद्दाच नव्हता, तिने तर मत मांडलंच नव्हतं.

११. जर्नलने पेपर मागे घेतला किंवा दुरुस्त केला तर ती सेन्सॉरशिप का?

कधी हो, कधी नाही, कारण बघावं लागतं. तीन पेपर घ्या.

२०१७ मध्ये हायपेशिया या फेमिनिस्ट तत्त्वज्ञानाच्या जर्नलमध्ये रिबेका टुवेल यांचा लेख आला, त्यात त्यांनी विचारलं की जेंडर बदलणं मान्य तर वंश बदलणं का नाही. आठशेच्या वर लोकांनी पत्रावर सह्या केल्या की लेख मागे घ्या, सहसंपादकांतल्या बहुतेकांनी माफीनामाही काढला, पण मुख्य संपादक ठाम राहिल्या आणि लेख राहिला. कुणाला त्यात खोटा डेटा सापडला नव्हता, फक्त युक्तिवाद पटला नव्हता. युक्तिवाद न पटणं हे लेख मागे घ्यायचं कारण नाही, उत्तर लिहायचं कारण आहे.

दुसरा लिसा लिटमन यांचा, ऑगस्ट २०१८, प्लॉस वन. २५६ पालकांच्या सर्व्हेवरून त्यांनी मांडलं की काही किशोरवयीन मुलांत जेंडर डिस्फोरिया, म्हणजे जन्माचं लिंग आपलं न वाटण्याचा त्रास, अचानक आणि मित्रमंडळींच्या प्रभावाने येत असावा. टीका झाली की पालक ठरावीक वेबसाइट्सवरून घेतले आणि मुलांना विचारलंच नाही. ही टीका पद्धतीवरची होती, वाजवी होती. जर्नलने पुन्हा तपासून मार्च २०१९ मध्ये दुरुस्ती छापली की हे पालकांचं म्हणणं आहे, निदान नाही, आकडे मात्र तेच राहिले. माझ्या मते जर्नलचं वागणं ठीक, खटकलं ते ब्राऊन युनिव्हर्सिटीचं, त्यांनी स्वतःच्या साइटवरची बातमी काही दिवसांतच उतरवली, तपासणी पूर्ण व्हायच्या आधीच.

तिसरा त्याच विषयावरचा, २०२३ चा, मायकल बेली आणि सहलेखकाचा. स्प्रिंगरने तो मागे घेतला, कारण दिलं सहभागी पालकांची छापण्यासाठीची लेखी संमती. लेखकांना हे कारण म्हणजे बहाणा वाटला. संमतीचा नियम खरा आहे, पण तो सगळ्या पेपरांना सारख्याच काटेकोरपणे लावतात का, हा प्रश्न विचारायचा हक्क लेखकांना आहे.

१२. रिसर्च सुरू व्हायच्या आधीच एथिक्स कमिटीने नाही म्हटलं तर?

हे दिसत नाही म्हणून जास्त अवघड. बाथ स्पा युनिव्हर्सिटीत जेम्स कॅस्पियन या थेरपिस्टला ट्रान्झिशन, म्हणजे लिंगबदल, केल्यावर परत फिरलेल्या लोकांवर एमएचा रिसर्च करायचा होता, २०१७ मध्ये नकार मिळाला, त्यात सोशल मीडियावर युनिव्हर्सिटीवर हल्ले होतील अशीही काळजी होती. ते हायकोर्टात गेले, २०१९ मध्ये कोर्टाने केस पुढे चालवायची परवानगीच नाकारली. एथिक्स कमिटीने सहभागी माणसाला इजा होईल का हे बघायचं असतं, युनिव्हर्सिटीची बदनामी होईल का हे नव्हे. नकाराच्या पत्रात दोन्ही कारणं असली तर ती वेगवेगळी करून लेखी मागा.

१३. तुम्ही फक्त एकाच बाजूची उदाहरणं देताय. जेंडर शिकवणाऱ्यांवर अन्याय होत नाही का?

होतो, आणि तिथे बहुतेक वेळा सरकारच उतरतं, म्हणून तो जास्त जड असतो. ओपन लेटरला उत्तर लिहिता येतं, सरकारी आदेशाला नाही.

हंगेरीने ऑक्टोबर २०१८ मध्ये जेंडर स्टडीजची मास्टर्स पदवी मान्यताप्राप्त विषयांच्या यादीतूनच काढली, दोन युनिव्हर्सिट्यांत ती शिकवत होते. विषयाच्या जाणकारांनी तपासून नाही, सरकारी हुकमाने. रोमानियाच्या संसदेने २०२० मध्ये जेंडर आयडेंटिटीचा सिद्धांत शिकवण्यावर बंदीचा कायदा केला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या घटनात्मक कोर्टाने तो रद्द केला. फ्लोरिडात न्यू कॉलेजच्या विश्वस्तांनी ऑगस्ट २०२३ मध्ये जेंडर स्टडीज बंद करायला मतदान केलं.

आणि टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटी. २०२५ च्या उन्हाळ्यात बालसाहित्याच्या तासाला जेंडर आयडेंटिटीवर बोलणं चालू असताना एक विद्यार्थिनी उभी राहिली, हे राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाविरुद्ध आहे म्हणाली, शिकवणाऱ्या बाईंनी तिला तासाबाहेर जायला सांगितलं, सप्टेंबरमध्ये त्याचा व्हिडिओ फिरला, राजकारणी उतरले. बाईंना काढलं, डीन आणि विभागप्रमुखांची पदं गेली, शेवटी युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंटही पायउतार झाले. प्राध्यापकांच्या अपील समितीने नंतर सांगितलं की काढणं समर्थनीय नव्हतं. नोव्हेंबरमध्ये नियम आला की जेंडर आयडियॉलॉजीचा पुरस्कार करणाऱ्या कोर्सला वरून मंजुरी हवी, आणि जानेवारी २०२६ मध्ये तत्त्वज्ञानाच्या एका प्रोफेसरला कोर्समधून प्लेटोचे उतारे काढायला सांगितले. प्लेटोचे! ससेक्सच्या 'सकारात्मकच' ला हसणाऱ्यांपैकी किती जण यावर बोलले हे ज्याने त्याने आठवून बघावं.

१४. ट्रान्स प्राध्यापकांच्या अकॅडेमिक फ्रीडमचं काय? त्यांचा विषय फक्त 'वाद' म्हणूनच येतो.

रास्त तक्रार आहे. रेचल ट्यूडर, साउथईस्टर्न ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत इंग्रजीच्या प्राध्यापक, २००७ मध्ये ट्रान्झिशन सुरू केलं, विभागाच्या समितीने टेन्युअरची, म्हणजे कायम नोकरीची, शिफारस केली, वरच्यांनी नाकारली, पुन्हा अर्ज करू दिला नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये ज्युरीने ११ लाख ६५ हजार डॉलर मंजूर केले, कायद्यातल्या मर्यादेमुळे रक्कम बरीच खाली आली, पण सप्टेंबर २०२१ मध्ये टेन्थ सर्किटने त्यांना टेन्युअरसकट परत घ्या असा निकाल दिला. जाणकारांनी लायक ठरवलेल्या माणसाला मॅनेजमेंटने भलत्या कारणाने अडवलं, म्हणजे प्र. १ मधली व्याख्या जशीच्या तशी. अकॅडेमिक फ्रीडमवर तावातावाने बोलणाऱ्यांच्या यादीत हे नाव मला क्वचितच दिसतं.

१५. युनिव्हर्सिटीने स्वतः भूमिका घ्यावी की गप्प बसावं?

शिकागो युनिव्हर्सिटीच्या १९६७ च्या कॅल्व्हन रिपोर्टचं म्हणणं की टीकाकार हा प्राध्यापक किंवा विद्यार्थी असतो, युनिव्हर्सिटी नव्हे, तिने मंच द्यावा. मला हे बरंचसं पटतं. पण टॉयलेटची पाटी, होस्टेलची खोली, सर्टिफिकेटवरचं नाव यांत तटस्थ राहताच येत नाही, काहीतरी ठरवावंच लागतं. तिथे कायदा काय म्हणतो ते लिहा, कायदा काय असायला हवा होता ते नको. एसेक्स युनिव्हर्सिटीने दोन महिला प्राध्यापकांना कार्यक्रमांतून वगळलं, त्यातल्या एक याच जो फीनिक्स, त्यावर बॅरिस्टर अकुआ राइनडॉर्फ यांचा रिपोर्ट मे २०२१ मध्ये आला, त्यात हीच चूक दाखवली होती, की पॉलिसीत स्टोनवॉल या एलजीबीटी हक्कांच्या संघटनेला हवा तसा कायदा उतरला होता, प्रत्यक्षात होता तसा नाही. एसेक्सने माफी मागितली. त्याच वर्षअखेर यूसीएलने अकॅडेमिक फ्रीडमचं कारण देत स्टोनवॉलच्या योजनांतून अंग काढून घेतलं.

१६. मी विद्यार्थी आहे. माझं मत शिकवणाऱ्याच्या उलट असेल तर मार्क कापू शकतात का?

मतासाठी नाही, कामासाठी हो. ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत २०२५ च्या शेवटी सायकॉलॉजीच्या एका विद्यार्थिनीने जेंडरवरच्या लेखाला बायबलच्या आधाराने उत्तर लिहिलं, २५ पैकी शून्य मिळाले. तपासणारी टीचिंग असिस्टंट ट्रान्स होती, तिचं म्हणणं की निबंध दिलेल्या प्रश्नाला धरून नाही, पुरावा नाही, काही भाग दुखावणारा आहे. प्रकरण देशभर गेलं, युनिव्हर्सिटीने मार्क देणं मनमानी ठरवलं आणि तिचं शिकवणं काढून घेतलं.

दोन प्रश्न वेगळे करा. निबंध कच्चा होता का? असू शकतो. मग पूर्ण शून्य का, बाकीच्या कच्च्या निबंधांना किती दिले? हा प्रश्न मार्क देण्याचे निकष आधी लेखी दिले असले तरच सुटतो. आणि मार्काच्या तक्रारीवर नोकरी घ्यायची का? टेक्सासबद्दल (प्र. १३) जे म्हटलं तेच इथे. तुमच्यापुरता सल्ला हवा असेल तर निकष आधी मागून घ्या आणि तक्रार विभागाच्या ठरलेल्या पद्धतीनेच करा.

१७. प्रोफेसरने स्वतःच्या अकाउंटवर ट्वीट केलं, युनिव्हर्सिटीचा काय संबंध?

बहुतेक वेळा काही नाही, ते प्र. १ मधल्या चौथ्या भागात येतं. अपवाद असा की आपल्याच एखाद्या विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा ओळख पटेल असं काही टाकून त्याच्या जेंडरवर लिहिलं तर ते मत राहत नाही, तो विद्यार्थी उद्या तुमच्याच वर्गात बसणार असतो आणि त्याचे मार्क तुमच्याच हातात असतात. हाच नियम उलटही, जेंडर क्रिटिकल विद्यार्थिनीची चॅट उघड करून तिच्यावर ट्रोल सोडणाऱ्या प्रोफेसरलाही.

१८. इंग्लंडमध्ये आता नवीन कायदा आलाय ना, मग थेट केस ठोकता येते का?

हायर एज्युकेशन फ्रीडम ऑफ स्पीच ॲक्ट २०२३ मध्ये पास झाला, सरकार बदलल्यावर जुलै २०२४ मध्ये थांबवला, आणि १ ऑगस्ट २०२५ पासून त्यातली मुख्य कर्तव्यं लागू झाली, फक्त इंग्लंडमध्ये. युनिव्हर्सिटीवर थेट नुकसानभरपाईचा दावा करायची तरतूद मात्र नव्या सरकारने गाळायचं ठरवलं. नियामकाकडे मोफत तक्रार करायची योजना स्टाफ आणि बाहेरच्या वक्त्यांसाठी आहे आणि ती कर्तव्यांबरोबर त्याच दिवशी सुरू झाली नाही. विद्यार्थ्यांना त्यांची वेगळी तक्रार यंत्रणा आहेच. त्यामुळे स्टाफचा खरा रस्ता अजूनही इक्वॅलिटी ॲक्ट आणि एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनल, जसा फीनिक्स यांनी घेतला. तिथे मुदत कडक असते, तेव्हा युनिव्हर्सिटीची आतली चौकशी संपेपर्यंत थांबू म्हणून हातावर हात ठेवून बसू नका, ईमेल जपून ठेवा आणि युनियन किंवा वकील पहिल्याच महिन्यात गाठा.